वावटळीला भोवळ

माझं काम काय, असं कुणी विचारलं की मी सांगते, लोकांची ताकद कमी करणं. समोरचा जरा सावरून बसतो. मग माझा नवरा मध्ये पडतो आणि खुलासा करतो, की ही पुण्याच्या एका कंपनीसाठी मोबाईलवरचे गेम बनवते, तेही इथं जुळे सोलापुरात घरी बसून. त्यावर पाहुण्यांचा प्रश्न ठरलेला, 'म्हणजे खेळत बसायचा पगार?' इथं माझं डोकं सटकतं. पण चहा टाकायचा असतो, म्हणून मी आत जाते.

खरं तर काम समजायला सोपं आहे. आमच्या गेममध्ये पडके किल्ले आहेत, राक्षस आहेत, मंतरलेली हत्यारं आहेत. खेळणारा आपला एक योद्धा निवडतो आणि त्याला एकेक विद्या शिकवत नेतो. कुणी तलवार शिकवतो, कुणी बाण, कुणी आगीचे मंत्र. शिवाय एक आखाडा आहे, तिथं दोघं जण आपापल्या घरी बसून एकमेकांशी लढू शकतात. यातली एखादी विद्या माजली, म्हणजे ती घेतली की कुणीही सोम्यागोम्या जिंकतो असं झालं, की बाकीच्या विद्या गंजत पडतात आणि गेमची मजा जाते. म्हणून माजलेलीला वेसण घालायची. कंपनीत याला नर्फ करणं म्हणतात. मी त्याला कान धरणं म्हणते.

त्या उन्हाळ्यात माजली होती वावटळ. योद्धा दोन्ही हातांत कुऱ्हाडी धरून गिरक्या घ्यायला लागला की लांबलांबचे शत्रू आपोआप त्याच्याकडे ओढले जायचे आणि कापले जायचे. गिरकी चालू असेपर्यंत त्याला स्वतःला ओरखडासुद्धा उठायचा नाही. एक बटण दाबून धरलं की झालं. तलवारीवर महिनोन्‌महिने मेहनत घेतलेले खेळाडू कालच्या पोरांकडून मार खात होते आणि सगळ्या तक्रारी माझ्या माथी येत होत्या.

आता या वावटळीत माझे सासरे आणि माझे वडील कसे सापडले ते सांगते.

सासऱ्यांना मी मामा म्हणते. ते हायस्कुलात मुख्याध्यापक होते आणि निवृत्त होऊनही वर्ग काही सुटलेला नाही. दारातल्या चपला वाकड्या असल्या की ते चपलांकडे रोखून बघतात, त्यांनी आपणहून सरळ व्हावं म्हणून. सून दिवसभर राक्षस मारते हे त्यांच्या पचनी पडत नव्हतं. नातेवाइकांना ते 'सूनबाई कॉम्प्युटरमध्ये आहेत' एवढंच सांगायचे. एकदा मी म्हटलं, 'मामा, तुम्ही खेळून तर बघा, आम्हाला तपासायला वयस्कर माणसंही लागतात.' त्यांनी चष्मा चढवला, 'पाच मिनिटं' म्हणाले, आणि मी जेवायला हाक मारली तेव्हा आतून उत्तर आलं, 'थांबा, आधी हा राक्षस.' त्यांनी तलवार घेतली होती. तलवार म्हणजे तलवार, बाकी सगळी नाटकं, असं त्यांचं मत पडलं.

वडील, म्हणजे आप्पा, टेंभुर्णीला असतात. आधी ट्रक चालवायचे, आता हायवेलगत पंक्चरचं दुकान आहे. मामांना गेम दिला आणि बापाला दिला नाही असं नको, म्हणून त्यांच्याही फोनवर घालून दिला. टायर उचकटून उचकटून त्यांचा अंगठा इतका जाड झालाय की तो तीन बटणं एकदम दाबतो. म्हणून त्यांनी वावटळ निवडली. 'ह्ये बरं हाय,' म्हणाले, 'धरून ठिवायचं आन बगत बसायचं.'

दोघंही एकटे. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेल्या, आई लग्नानंतर थोड्याच दिवसांत. मामांना निदान घरात माणसं आहेत. आप्पा दुकानाशेजारच्या धाब्यावर जेवतात, नाहीतर स्वतःच्या हातानं दोन भाकऱ्या थापतात आणि कालवणाला शेंगाची चटणी.

आणि माझ्या घरी मात्र ते जेवत नव्हते. आमच्या भागात जुनी रीत आहे, लेकीला मूल होईपर्यंत बापानं तिच्या घरचं अन्न घ्यायचं नाही. नातवाचं तोंड बघायचं आणि मग पंगतीला बसायचं. आम्हाला मूल नाही आणि होणार नाही, हे डॉक्टरांनी सांगून झालंय. त्यावर जेवढं रडायचं तेवढं मी रडलेय, इथं पुन्हा नाही. पण झालं असं, की जी रीत चारदोन वर्षांत सुटायची ती आप्पांना जन्माची चिकटली. ते यायचे ते बसस्टँडवर खाऊन यायचे. दारातच सांगायचे, 'खाऊन आलोय.' पाणीसुद्धा स्वतःच्या बाटलीतलं. खुर्चीच्या कडेवर असे टेकायचे की मलाच भीती वाटायची, पडतील म्हणून. आणि मामांपुढे हात कायम जोडलेले, कारण ते मुलाचे वडील. लग्नात आहेराची टोपी मामांना जरा घट्ट झाली तर आप्पा भर उन्हात दुसरी आणायला धावले होते. मामांनी मागितलीही नव्हती.

मी पुष्कळ भांडले.

'आप्पा, आता कोण मानतं हे?'

'पाव्हणं मानत्यात की. इतक्या वर्सांत एकदा तरी म्हनले का, जेवा म्हनून? त्यांनी तोंडानं म्हनू दे, मी बसतो.'

'मग मी सांगते त्यांना.'

'खबरदार. मागून घेतलेला मान काय कामाचा?'

झालं. मामा म्हणत नाहीत म्हणून आप्पा जेवत नाहीत, आणि मी दर खेपेला एका माणसाचा जादा स्वयंपाक करून दुसऱ्या दिवशी तो शिळा खाते. बापानं एकदा माझ्या घरी पोटभर जेवावं, एवढंच मला हवं होतं. जगातले बाकीचे सगळे लोक आमच्या टेबलावर जेवून गेले होते, नळ दुरुस्त करणाऱ्यापर्यंत.

तर आखाडा. दोघांची पहिली लढत ठरली तेव्हा मी मुद्दाम मामांच्या शेजारी बसले. फोन स्पीकरवर. मामांच्या योद्ध्यानं आधी वाकून नमस्कार केला. गेममध्ये तसं बटण आहे, मामांशिवाय ते कुणी वापरत नाही. आप्पांच्या योद्ध्यानंही नमस्कार केला आणि तो वाकला तो वाकलेलाच राहिला. मामांनी तलवारीनं त्याला आरामात आडवा केला.

'पाहुणे, तुम्ही लढत का नाही?'

'लढलो की. तुमचा हातच लई भारी.'

रोज संध्याकाळी हाच प्रकार. कोण कुणाशी जिंकलं, कुणाशी हरलं, ते सगळं मला दिसतं. आप्पा दिवसभर गिऱ्हाइकांच्या मधल्या वेळात आखाड्यातल्या तरण्या पोरांना लोळवत होते आणि संध्याकाळी एकट्या व्याह्यापुढे मान खाली घालून मार खात होते. मला हसू यायचं आणि पाठोपाठ संताप यायचा. अरे, निदान कुऱ्हाडी हातात असताना तरी ताठ उभं राहावं माणसानं.

मग एका संध्याकाळी दुकानाशी ट्रकचा हॉर्न वाजला. आप्पा दचकले, अंगठा बटणावर पडला आणि वावटळ सुटली. मामांचा योद्धा फरफटत ओढला गेला आणि क्षणात संपला. तिकडे फोनवर आप्पांची तंतरली. 'पाव्हणं, चुकून झालं हो. हॉर्न वाजला. माफी असावी.' मामा फोनकडे बघत राहिले. मला वाटलं, आता हे वर्षभर रुसणार. ते म्हणाले, 'पुन्हा.'

पुन्हा खेळले आणि पुन्हा हरले. आप्पांना चटक लागली. पहिले काही दिवस ते 'पाव्हणं, मारू का?' असं विचारून मारायचे. नंतर विचारणं बंद झालं. त्यानंतर तर, 'या पाव्हणं, कापतो.' पुढच्या खेपेला घरी आले तेव्हा खुर्चीत चक्क पाठ टेकून बसले. मामा कुरकुरले, 'ही काय लढाई म्हणायची? भोवऱ्यासारखं फिरायचं. याला शौर्य म्हणत नाहीत.'

'मग काय म्हनत्यात?'

'पळवाट.'

'पळतंय कोन? मी हितंच फिरतोय की.'

मी आत भाकरीचं पीठ मळत होते, मला हसू आवरेना. पण जेवायची वेळ झाली तशी आप्पांची पाठ पुन्हा खुर्चीवरून सुटली. उठले आणि बस पकडायला गेले.

शेवटी मामांनीच आव्हान दिलं. येत्या रविवारी घरी या, समोरासमोर बसून एकच लढत, काय तो निकाल लागू द्या. मी लगेच तोंड घातलं. म्हटलं, नुसती कशाला, हरणाऱ्यानं जिंकणाऱ्याचं एक म्हणणं ऐकायचं, काहीही असो. मामा म्हणाले, 'मान्य.' फोनवरून आप्पाही म्हणाले, 'मान्य.' मी गॅलरीत जाऊन आप्पांना वेगळा फोन लावला. 'आता जिंका आणि सांगा त्यांना, मला जेवा म्हणा.'

'जिकून मागितलं तर ते मागनं न्हाय,' ते म्हणाले. 'ती वसुली झाली.'

मला नाचावंसं वाटलं. वावटळ ज्याच्या हातात तो हरूच शकत नव्हता, हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक? मी मटणवाल्याला सांगूनसुद्धा ठेवलं.

आणि दुसऱ्याच दिवशी पुण्याहून साहेबांचा फोन. आमचे साहेब तिथं बसून उंटावरून शेळ्या हाकतात. वयानं माझ्याहून लहान, मला ताई म्हणतात. 'ताई, वावटळीचा बंदोबस्त याच आठवड्यात. शुक्रवारी सगळ्यांच्या फोनवर बदल गेला पाहिजे.'

'सोमवारी चालेल?'

'का?'

'रविवारी आमच्याकडे कार्य आहे.'

'मग शुक्रवारीच बरं की. रविवारी तुम्ही मोकळ्या.'

मी कपाळाला हात लावला. आणि बसले, स्वतःच्या बापाच्या कुऱ्हाडी बोथट करायला.

आता एखाद्या विद्येची ताकद उतरवायची म्हटलं तर सोपा मार्ग म्हणजे तिचा मार अर्धा करायचा. पण तसं केलं की खेळणाऱ्याला वाटतं, आपला हातच तोडला. तो शिव्या देतो आणि गेम काढून टाकतो. दुसरा मार्ग म्हणजे एकदा वापरली की पुन्हा वापरायला बराच वेळ थांबायला लावायचं. त्यानं माणूस कंटाळतो. मला हे दोन्ही पटत नाहीत. माझं म्हणणं, ताकद राहू द्यावी, पण तिचा काहीतरी त्रास तिच्याबरोबर द्यावा. वावटळीचा खरा घोळ काय होता, तर ती फुकट होती. कितीही वेळ फिरा, काही बिघडत नव्हतं. मग मी म्हटलं, फिरा बाबा हवं तेवढं, मारही तेवढाच बसेल. फक्त जितका वेळ फिराल तितकी भोवळ येईल. थोडं फिरून थांबलात तर जरासं डुलाल. लोभ आवरला नाही तर योद्धा झिंगल्यासारखा झुलत उभा राहील आणि कुणीही येऊन टपली मारून जाईल.

साहेब खूश झाले. मलाही ते मनापासून आवडलं, आणि आपलंच काम आपल्याला आवडावं याचाच जास्त राग आला.

एक चोरवाट होती. सगळ्यांना भोवळ आणायची आणि एका फोनला वगळायचं, हे एका ओळीचं काम. माझी बोटं शिवशिवत होती. तेवढ्यात मामा चहाचा कप घेऊन दारात आले. 'सूनबाई, रविवारची लढत बरोबरीची होईल ना? तोल तुम्ही बघता म्हणून विचारतो.'

'होईल, मामा.'

दुसरं काय बोलणार. ती ओळ लिहायची राहिली.

बदलाचं मी दोघांनाही सांगितलं. मामांनी मान डोलावली आणि शनिवारचा सगळा दिवस दार लावून सराव केला. आप्पांना फोनवर समजावायला गेले ते पालथ्या घड्यावर पाणी.

'आप्पा, थोडं फिरायचं आणि थांबायचं.'

'थांबलं की मार बसतोय.'

'नाही थांबलात तर भोवळ येईल.'

'घाटात एवढी वळनं मारली, मला कदी भोवळ आली न्हाय. आता कोन आननार?'

'मीच आणलीय.'

आप्पा म्हणाले, 'त्याचाच पगार घेतीस का?'

'हो.'

'मग बराबर केलंस. कामात बापाचा लाड करायचा न्हाय.'

फोन ठेवला आणि मला असं काही वाटलं की विचारू नका. हाच माणूस माझ्या घरी पाण्याचा घोट घेत नव्हता.

रविवारी आप्पा आले. दारातच, 'खाऊन आलोय.' स्वयंपाकघरात रश्श्याला उकळी फुटली होती, भाकऱ्या होत होत्या, वास हॉलभर गेला होता. आप्पांनी तो नाकानं घेतला आणि बाटलीतलं पाणी प्यायले. दोघं समोरासमोर बसले. नवऱ्यानं दोघांच्या फोनला चार्जर लावून दिले, मध्येच बॅटरी संपल्याचं निमित्त नको म्हणून. मी हातातली पळी तशीच घेऊन आप्पांच्या खुर्चीमागे उभी राहिले.

दोन्ही योद्ध्यांनी नमस्कार केला. आप्पांचा लगेच फिरायला लागला. पण मामांचा योद्धा पुढे आलाच नाही, तो आखाड्यातल्या दगडी खांबामागे जाऊन उभा राहिला. खांबाआडच्या माणसाला वावटळ ओढू शकत नाही, हे मीच कधीकाळी ठरवलेलं. आप्पांच्या कुऱ्हाडी नुसत्या हवेत.

'या की पाव्हणं, भायेर या.'

'घाई काय आहे,' मामा म्हणाले.

'आप्पा, थांबा आता,' मी पुटपुटले.

'बोलू नगंस.'

अंगठा बटणावर तसाच, नख पांढरं पडलेलं. शेवटी घामानं तो घसरला आणि गिरकी सुटली. आप्पांचा योद्धा हेलपाटला. एक पाऊल इकडे, एक तिकडे, मान खाली, कुऱ्हाडी लोंबत. इतकी छान भोवळ मी आजवर कुठल्या गेममध्ये पाहिलेली नाही. खांबामागून मामांचा योद्धा शांतपणे बाहेर आला, जवळ गेला आणि तलवार चालवली. आप्पांचा पडला.

मला पुण्याचा राग आला, रीतीचा राग आला, माझा स्वतःचा तर इतका आला की पळी आपटावी. आता हे उठणार, बस पकडणार, आणि उद्या मी शिळं मटण खाणार. आप्पांनी फोन उपडा ठेवला. हात जोडले. 'पाव्हणं, जिकलात. बोला, काय ऐकायचं?'

मामांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला, पुन्हा घातला. 'काहीही सांगू?'

'शब्द दिलाय.'

'मागाहून नाही म्हणायचं नाही.'

'न्हाय म्हननार.'

'मग आज इथं जेवायचं. माझ्याबरोबर.'

आप्पांचे हात जोडलेलेच राहिले. 'पन पाव्हणं,' ते म्हणाले, 'तुमच्यातली रीत...'

'आमच्यात कुठली रीत? माझे सासरे माझ्याकडे महिना-महिना राहायचे. तुम्ही दारात पाय टाकता आणि खाऊन आलोय म्हणता. मला वाटलं, तुमच्यात चालत नाही. कितीदा तोंडावर आलं होतं, पण तुमची रीत मोडायला लावणारा मी कोण?'

'आमी तर तुमच्या तोंडाकडं बगत बसलोय की इतकी वर्सं.'

'आणि मी तुमच्या.'

माझं डोकं सटकलं ते सटकलंच. काखेत कळसा आणि गावाला वळसा, आणि वळसा घालता घालता माझी अर्धी उमर गेली. मी पळी रोखून म्हटलं, 'दोघांपैकी एकाला तरी देवानं तोंड दिलंय की नाही?' दोघंही खाली बघायला लागले. नवरा हसायला लागला, त्यालाही मी डोळे दाखवले. मग आत गेले, ओट्याला धरून काय रडायचं ते रडून घेतलं, नाक पुसलं आणि ताटं वाढली.

आप्पांनी बेसिनपाशी फार वेळ हात धुतले. मामांच्या शेजारच्या खुर्चीत बसले. भाकरी मोडली, रश्श्यात बुडवली आणि पहिला घास घेतला. मी समोर उभी राहून त्यांचं तोंड बघत होते. त्यांनी सावकाश चावलं, गिळलं.

'कसं झालंय, आप्पा?'

त्यांनी आधी मामांकडे बघितलं, मग माझ्याकडे. 'मीठ कमी हाय,' म्हणाले.

'कमीच असतं,' मामा म्हणाले. 'मी रोज म्हणणार असतो.'

'मग म्हनायचं की, पाव्हणं,' आप्पा म्हणाले आणि ताट माझ्यापुढे सरकवलं. 'मीठ आन. आन आनखी एक भाकरी वाढ.'